मिशिगनकडून हरलो ते हरलो, पण सारखं मधूनच का घुसायचं होतं?

कोलंबसकर, १ डिसेंबर २०२४

काल आपल्या ओहायो स्टेटची मिशिगनशी अमेरिकन कॉलेज फुटबॉलची मॅच होती, मुलाला घेऊन स्टेडियममध्ये होतो. रात्रभर झोप नाही म्हणून सकाळी सकाळी लिहायला बसलोय, लांबलं तर सांभाळून घ्या. १३-१०. आपण देशात नंबर दोन, वीसेक पॉइंटांनी जिंकणार असं सगळे म्हणत होते, समोर पाच मॅच हरून आलेली मिशिगन, त्यांचा सगळ्यात भारी कॉर्नर (पास झेलणाऱ्यांना रोखणारा) विल जॉन्सन बाहेर, टाइट एंड (कडेला ब्लॉकही करतो, पासही झेलतो) लव्हलँड बाहेर, आणि तरी आपल्या घरात येऊन एक लाखाहून जास्त माणसांसमोर हरवून गेले. सलग चौथ्यांदा.

हरण्याचं दुःख आहेच पण मला जास्त छळतंय ते प्ले-कॉलिंग, म्हणजे कधी कुठली चाल खेळायची ते ठरवणं. २६ रन (बॉल हातात घेऊन पळणं) आणि ७७ यार्ड. म्हणजे एका रनमागे धड तीन यार्डसुद्धा नाहीत. आणि दुसरीकडे जेरमाया स्मिथ, जो पहिल्या वर्षाचा असून देशातल्या कुठल्याही रिसीव्हरच्या (पास झेलणाऱ्याच्या) तोडीचा आहे, त्याचे फक्त पाच कॅच, ३५ यार्ड. इमेका एग्बुका आहे, कार्नेल टेट आहे. एवढी माणसं बाहेर उभी असताना फर्स्ट डाऊनला (दहा यार्ड जायला चार डाऊन, म्हणजे चार संधी) मधून रन, सेकंड डाऊनला परत मधून रन, आणि मग थर्ड डाऊनला आठ-नऊ यार्ड पाहिजेत तेव्हा सगळ्या स्टेडियमला माहीत की आता पास येणार. आपला एकुलता एक टचडाऊन (बॉल शेवटच्या रेषेपार नेणं) कधी आला? हाफ संपत आला होता, वेळ नव्हता म्हणून भराभर पास टाकावेच लागले, तेव्हा. सेकंड हाफमध्ये भोपळा.

माझा मुलगा शाळेच्या टीममध्ये गार्ड खेळतो, म्हणजे पुढच्या लाईनमध्ये सेंटरच्या शेजारी उभा राहून समोरच्याला अडवतो. तिसऱ्या क्वार्टरमध्ये तो म्हणाला, बाबा तू बॉलकडे नको बघू, लाईनच्या पायांकडे बघ. आम्ही इतक्या वर बसलो होतो की तिथून काही नीट दिसेना, म्हणून रात्री घरी रीप्ले लावून पॉज करत करत बघितलं. आपल्या टीमच्या पोराचे हात बरोबर मिशिगनच्या मेसन ग्रॅहमच्या छातीवर, कंबर खाली, शिकवतात अगदी तसं, आणि तरी त्याचे बूट मागे मागे सरकतायत, टर्फमधले काळे रबराचे कण उडतायत. पुढच्या रनला तेच. त्याच्या पुढच्याला तेच. मुलगा बघत होता आणि काही बोलत नव्हता, कारण त्याला माहितीये ते कसं वाटतं.

तर जाणकारांना माझा प्रश्न असा की हे कॉलिंग नेमकं कशातून आलं? चिप केली, आपले प्ले ठरवणारा कोऑर्डिनेटर, म्हणजे ज्याने ओरेगनला असताना हडलच (प्लेआधी घोळका करून ठरवणं) न करता समोरच्याला श्वास घेऊ दिला नाही तो माणूस, त्याच्याकडून हे? आणि खरंच दुसरं काही करण्यासारखं होतं का, की मीच रागात बोलतोय?


नाशिकचा_लाईनमन, १ डिसेंबर

कोलंबसकर, राग बरोबर आहे पण जरा लाईनची बाजू ऐका. मी इथे सिनसिनाटीजवळ शाळकरी पोरांना ओ-लाईन (बॉल आपल्याकडे असताना समोरच्यांना अडवणारी पुढची लाईन) शिकवायला मदत करतो, त्यामुळे माझं लक्ष तिथेच असतं.

ही ती लाईन नव्हती जी सीझनच्या सुरुवातीला होती. लेफ्ट टॅकल (लाईनच्या डाव्या टोकाचा) जॉश सिमन्स ऑक्टोबरमध्ये ओरेगनच्या मॅचला गुडघा घेऊन गेला. मग गार्ड डॉनोव्हन जॅक्सनला तिकडे सरकवला, म्हणजे गार्डला भोक पडलं. त्यात नोव्हेंबरमध्ये सेंटर सेथ मॅकलॉफ्लिनची अकिलीस (टाचेमागची शीर) गेली, मग कार्सन हिन्झमन सेंटरला. एक माणूस जातो तेव्हा एक जागा नाही बदलत हो, शेजारचे दोन्हीही बदलतात, कारण लाईन म्हणजे खांद्याला खांदा लावून काम.

आता इनसाइड झोन, म्हणजे ही मधून घुसायची रन, कशी चालते ते बघा. सगळे एकाच बाजूला पाऊल टाकतात, समोरच्या डिफेन्सच्या टॅकलला (त्यांच्या मधल्या वजनदार माणसाला) दोघं मिळून ढकलतात, आणि तो हलला की त्या दोघांतला एक सुटून मागच्या लाईनबॅकरवर (डिफेन्सच्या दुसऱ्या फळीतल्या माणसावर) जातो. सगळा खेळ त्या सुटण्यावर. ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट, मिशिगनचे दोन टॅकल, असे आहेत की दोघांनी मिळूनही हलत नाहीत. मग सुटणार कोण? कोणीच नाही. लाईनबॅकर मोकळा येतो आणि रनिंग बॅकला (बॉल घेऊन पळणाऱ्याला) लाईनवरच गाठतो. आपले रनिंग बॅक हेंडरसन आणि जडकिन्स दोघंही एनएफएलच्या (व्यावसायिक लीगच्या) लायकीचे आहेत, पण भिंतीतून कोण पळणार.

आता कॉलिंगबद्दल. कागदावर हा रन चुकीचा नव्हता. स्मिथच्या भीतीने समोरच्याने दोन्ही सेफ्टी (सगळ्यात मागचे राखणदार) मागे उभे केले की मध्ये माणसं कमी होतात, आणि माणसं कमी असली की रन टाका असं कुठलाही कोच शिकवतो, मीही शिकवतो. पण ते गणित माणसं मोजतं, माणूस कोण आहे ते मोजत नाही. समोर ग्रॅहम-ग्रँट असतील तर सहा जण सात जणांचं काम करतात. पहिल्या दोन ड्राइव्हमध्ये (बॉल मिळाल्यापासून जाईपर्यंतची चढाई) हे कळायला हवं होतं. तिसऱ्या क्वार्टरला तोच कॉल येतो तेव्हा मात्र मला लाईनच्या पोरांची दया आली, राग वर बसलेल्या कोचांचा आला.

करता काय आलं असतं? झटपट पास. स्नॅप झाल्याझाल्या (बॉल खेळात आल्याबरोबर) स्लँट (तिरका छोटा पास), बाहेर स्क्रीन (पुढे ब्लॉकर ठेवून टाकलेला छोटा पास), म्हणजे लाईनला दीड-दोन सेकंदच धरायचं. फर्स्ट डाऊनला प्ले-अ‍ॅक्शन (रनची हूल देऊन पास). आणि टेंपो, म्हणजे न थांबता भराभर प्ले! एवढे वजनदार टॅकल असतात ना समोर, त्यांना सलग सहा-सात प्ले पळवा, कमरेवर हात येतात. तुम्ही केलीचं नाव घेतलंत ते याचसाठी लागतं मनाला, हे हत्यार त्याच्याच पेटीतलं आहे.


अ‍ॅनआर्बरची_सून, २ डिसेंबर

मी पलीकडची, आधीच सांगते. सासर मिशिगनवालं, आमच्याकडे या मॅचच्या दिवशी पंगत असते आणि सासरेबुवा निळा स्वेटर घालून सकाळपासून बसतात. खिजवायला नाही आले, खरंच बोलायचंय.

तुम्ही आमचे आकडे बघितले का? सगळ्या मॅचमध्ये पासचे ६२ यार्ड. बासष्ट. आमचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा) डेव्हिस वॉरन, त्याने दोन इंटरसेप्शन (समोरच्याने पकडलेले पास) दिले. आमच्याकडे पास नव्हताच, हे आमच्या कोचला, शेरॉन मूरला, माहीत होतं, आम्हाला माहीत होतं, तुमच्या डिफेन्सला माहीत होतं. म्हणून आमच्या रनिंग बॅकला, केलेल मलिंग्जला, ३२ वेळा बॉल दिला, ११६ यार्ड, सुंदर काही नाही, ढकलत ढकलत. आणि शेवटच्या ड्राइव्हला त्याची एक लांब रन निघाली आणि आमचा किकर झ्वाडाने ४५ सेकंद उरलेले असताना जिंकवणारी किक मारली. आपल्याला काय येत नाही ते आमच्या टीमने कबूल केलं होतं.

तुमच्याकडे सगळं होतं आणि तुम्ही आमच्या एकमेव जमेच्या बाजूवर येऊन धडका मारल्यात. आमच्या घरात तर प्रत्येक इनसाइड रनला टाळ्या पडत होत्या. जॉन्सन नव्हता त्यामुळे सासऱ्यांचा जीव स्मिथवर टांगला होता, आणि तुम्ही रन टाकलात की ते हुश्श करून पाठ टेकायचे. यावरून काय ते समजा.

मला वाटतं याचं मूळ २०२१ मध्ये आहे. तेव्हा आमच्याकडे इथे ४२-२७ ने हरलात, आमच्या हॅसन हॅस्किन्सने पाच टचडाऊन मारले, सगळे रनवर. तेव्हापासून तुमच्या हेड कोचच्या, रायन डेच्या टीमला ‘मऊ’ म्हणायला लागले लोक. आणि ते त्या माणसाच्या आत कुठेतरी जाऊन बसलंय. प्रत्येक वर्षी या मॅचला तो जिंकायला येतो आणि सोबत काहीतरी सिद्ध करायलाही येतो. दोन्ही एकदम होत नाही.

आणि मॅचनंतर झेंडा रोवायला गेले आमचे आणि हाणामारी झाली, पेपर स्प्रेपर्यंत गेलं, ते मला अजिबात आवडलं नाही. तेवढं सांगायचं होतं.


कोथरूडचा_बकआय, २ डिसेंबर

इकडे रात्री साडेदहाला सुरू होते ही मॅच, बायको-पोरं झोपलेली, मी हेडफोन लावून. ओरडता येत नाही, रडताही येत नाही.

ताईंचं २०२१ चं म्हणणं एकदम पटलं. पण मला एक भीती वाटते की आता सगळे म्हणायला लागतील रनच नको. मी २०१४ ला तिथे एमएस करत होतो, जानेवारी २०१५ मध्ये फायनलला ओरेगनला ४२-२० ने हाणलं ते रनवर, एझिकिएल इलियट २४६ यार्ड! तेव्हाही मधूनच घुसत होतो की. फरक एवढाच की तेव्हा घुसता येत होतं. त्या लाईनला पहिल्या क्वार्टरमध्ये जागा मिळत होती, म्हणून परत परत टाकत राहिले. म्हणजे हट्ट तोच, पण तिथे समोरून उत्तर येत होतं आणि इथे दार बंद होतं.

माझा मुद्दा हा की मॅचच्या आधी लिहिलेला प्लॅन आणि मॅच सुरू झाल्यावर दिसणारं चित्र यात चित्रावर विश्वास ठेवायचा असतो. क्रिकेटमध्ये बघा, पहिल्या तासात बॉल वळायला लागला तर कॅप्टन आदल्या रात्री काय ठरलं होतं म्हणून फास्ट बॉलरच चालू ठेवत नाही ना.

आणि केलीबद्दल, लोक त्याला एकदम हाकला म्हणतायत, ते नाही पटत. हा माणूस यूसीएलएची हेड कोचची नोकरी सोडून इथे कोऑर्डिनेटर म्हणून आला. डे न्यू हॅम्पशायरला क्वार्टरबॅक होता तेव्हा केली त्याचा कोच होता, म्हणजे गुरू शिष्याच्या हाताखाली कामाला आला. वर्षभर कॉलिंग चांगलंच झालंय, इंडियानाला आत्ताच ३८-१५ ने हरवलं. एका मॅचवरून माणूस विसरला असं नाही होत.


सातारी_माणूस, २ डिसेंबर

सगळे कॉलिंग कॉलिंग करतायत पण किकरने दोन फील्ड गोल (किकचे तीन-तीन पॉइंट) घालवले आणि दोन्ही चाळीस यार्डांच्या आतले. सहा पॉइंट. ते गेले असते तर १६-१३, आणि आज हा धागाच निघाला नसता. आपल्या क्वार्टरबॅकने, विल हॉवर्डने, दोन इंटरसेप्शन दिले, त्यातल्या एकावर तर मिशिगनला टचडाऊनच आयता मिळाला. कोचने हे पण करायचं का?


कोलंबसकर, २ डिसेंबर

सातारी भाऊ, किकचं मान्य आहे, हॉवर्डचंही मान्य आहे. पण फील्ड गोलवर यायची वेळ का आली? तिथपर्यंत जाऊन अडकलो म्हणूनच ना. आणि त्या पोराला, किकरला, मी काही बोलणार नाही, तो एकोणीस-वीस-एकवीस वर्षांचा असेल आणि घरी जाऊन फोन उघडायची त्याला भीती वाटत असेल. दहा पॉइंट करणारी टीम किकरवर जगते आणि किकरवर मरते. ही टीम दहा पॉइंट करणारी नाहीये हो, तेच तर दुखतंय.

लाईनमन, तुमचं ‘माणसं मोजतं, माणूस कोण आहे ते मोजत नाही’ हे मुलाला वाचून दाखवलं. तो उठून वहीत चित्र काढायला लागला, डबल टीमवरून (एकाला दोघांनी ढकलणं) सुटायचा कोन कुठला वगैरे. त्याचा एक प्रश्न आहे, मी त्याच्याच शब्दांत देतो: मधून जमत नव्हतं तर बाहेरून का नाही पळवलं, हेंडरसनचा वेग तर बाहेरच जास्त उपयोगाचा?


नाशिकचा_लाईनमन, ३ डिसेंबर

पोरगं हुशार आहे. उत्तर असं की बाहेरून रन म्हणजे टॅकल आणि टाइट एंडने कडेच्या माणसाला अडवून धरायचं किंवा गार्डने लाईन सोडून बाहेर धावत जाऊन ब्लॉक करायचा. गार्ड सुटून गेला की त्याच्या जागी क्षणभर पोकळी, आणि ग्रॅहमसारखा माणूस त्या पोकळीतून सरळ आत येऊन बॉल हातात पडतानाच धरतो. त्यामुळे भीती असते कोचला. पण मला विचाराल तर स्क्रीन पास म्हणजे बाहेरची रनच आहे, फक्त हाताने फेकलेली. ग्रॅहमला आत येऊ दे ना, येऊ दे हवं तेवढं, बॉल त्याच्या डोक्यावरून गेलेला असतो. तो जितका जोरात आत येईल तितका तो त्या प्लेमधून बाद. अशा दोन-तीन स्क्रीन पडल्या असत्या तर तो पुढच्या वेळी अर्धी सेकंद थांबला असता, आणि ती अर्धी सेकंद आपल्या गार्डला मिळाली असती. रन सुरू करायला आधी पास लागतो तो असा.

मुलाला सांगा, चित्रात पहिलं पाऊल सहा इंचाचंच काढ, मोठं नको. मोठं पाऊल टाकलं की तोल गेला.


कोथरूडचा_बकआय, २२ डिसेंबर

धागा वर काढतोय!! प्लेऑफच्या पहिल्या मॅचला टेनेसीला ४२-१७!

पहिल्याच ड्राइव्हला स्मिथला ३७ यार्डांचा टचडाऊन. हॉवर्ड २९ पैकी २४, ३११ यार्ड. आणि हेंडरसनने दोन टचडाऊन मारले, म्हणजे रनही चालली. लाईन तीच आहे, सिमन्स नाही, मॅकलॉफ्लिन नाही, तीच जोडलेली लाईन. मग तीन आठवड्यांत बदललं काय? मला तर कॉल बदललेले दिसतायत.


अ‍ॅनआर्बरची_सून, २३ डिसेंबर

बघितली आम्हीपण. सासरे म्हणाले, हे आमच्याविरुद्ध का नाही केलं, आणि लगेच म्हणाले, नाही केलं तेच बरं. अभिनंदन.


कोलंबसकर, २ जानेवारी २०२५

काल रोझ बोल, म्हणजे प्लेऑफची क्वार्टर फायनल. ओरेगन, नंबर एक, ज्यांनी ऑक्टोबरमध्ये ३२-३१ ने हरवलं होतं, त्यांना ४१-२१. दुसऱ्या क्वार्टरमध्ये ३४-० होतं, मी दोनदा स्कोअर वाचला.

पहिल्याच ड्राइव्हला स्मिथ, ४५ यार्ड, टचडाऊन. मग एग्बुकाला ४२ यार्डांचा. मग समोरचे सगळे मागे धावायला लागले आणि हेंडरसन ६६ यार्ड एकटा पळत गेला, त्याला कोणी हातसुद्धा लावला नाही. मुलगा सोफ्यावरून उठून टीव्हीजवळ गेला, बॉल नाही बघितला त्याने, लाईनच बघत होता. मग वळून म्हणाला, बाबा, सुटला बघ, गार्ड सुटला लाईनबॅकरवर. मी रिवाइंड केलं. खरंच, दोघांनी ढकललं, टॅकल हलला, आणि त्यातला एक सुटून वर गेला. नोव्हेंबरमध्ये जे एकदाही नीट बघायला मिळालं नव्हतं ते.

लाईनमन, तुमचं म्हणणं पटलंच होतं, आता डोळ्यांनी बघितलं. स्मिथचे सात कॅच, १८७ यार्ड. आणि तरी मला तीस नोव्हेंबर काही विसरता येत नाहीये, आनंद होतोय आणि आतून तेच येतंय की हे सगळं तेव्हाही आपल्याकडे होतं, हीच पोरं, हाच केली, हाच डे.

आता १० तारखेला कॉटन बोलला, म्हणजे सेमी फायनलला, टेक्सास. त्यांनी या दोन मॅच बघितल्या असणारच, म्हणजे स्मिथला ते मोकळा सोडणार नाहीत, एक माणूस समोर आणि एक सेफ्टी सतत त्याच्या डोक्यावर असं काहीतरी करतील असं मला वाटतंय. मग आपण काय करायचं? एग्बुका आणि टेटवर जायचं, की सेफ्टी तिकडे अडकला म्हणून रन, की हेंडरसनला स्क्रीन? कोथरूडकर, लाईनमन, ताई तुम्हीपण, लिहा प्लीज. मुलगा वही घेऊन बसलाय.


नाशिकचा_लाईनमन, २ जानेवारी

स्क्रीन. आणि ती पण फर्स्ट डाऊनला. संध्याकाळी प्रॅक्टिसवरून आलो की चित्रासकट लिहितो.